परम्याच्या जंतूची सेन्सिटिव्हिटी: स्वॅबपासून रिपोर्टपर्यंत

परमा म्हणजे गनोरिया. त्याच्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालतं हे पाहणारी चाचणी लघवीतल्या ई. कोलायसारखी केली की हमखास चुकते. हा जंतू, गोनोकोकस, नाजूक आहे. कोरडेपणा, थंडी, कापसातली स्निग्ध आम्लं, जास्त तापमान, कार्बन डायऑक्साइडची कमतरता यांतलं काहीही त्याला मारतं. साध्या म्युलर-हिंटन प्लेटवर (इतर जंतूंच्या सेन्सिटिव्हिटीची नेहमीची प्लेट) तो नीट उगवत नाही आणि रक्ताच्या प्लेटवर उगवला तरी तिथला झोन, म्हणजे औषधाच्या कागदी चकतीभोवतीचं (डिस्कभोवतीचं) वाढ नसलेलं वर्तुळ, निकषांच्या तक्त्याशी ताडता येत नाही. रिपोर्टमधल्या बहुतेक चुका डिस्क ठेवण्याच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून या लेखात डिस्क ठेवण्यापेक्षा तिच्या आधीच्या कामावर जास्त जागा खर्च केली आहे.

हा मजकूर जिल्हा रुग्णालयांच्या आणि खासगी लॅबमधल्या तंत्रज्ञांसाठी आणि मायक्रोबायोलॉजिस्टसाठी आहे. पहिले दोन टप्पे स्वॅब घेणाऱ्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनीही वाचावेत.

० : ही चाचणी कोणाची आणि कधी

पीसीआर किंवा इतर नॅट चाचणी (जंतूची जनुकीय खूण शोधणारी) जंतू आहे की नाही एवढं सांगते. कोणतं औषध चालेल हे नेहमीच्या नॅट किटवरून कळत नाही. त्यासाठी जिवंत जंतू लागतो, म्हणजे कल्चर. नॅटसाठी घेतलेली लघवी किंवा नॅटच्या द्रावणात बुडवलेला स्वॅब कल्चरला चालत नाही. त्या द्रावणात जंतू फुटून जातात.

कल्चर निदान या प्रसंगी घ्यावं: पुरुषाला मूत्रमार्गातून पू येतो आहे, उपचारानंतरही लक्षणं गेलेली नाहीत, किंवा घशात वा गुदाशयात संसर्गाचा संशय आहे. सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी केंद्रात) लक्षणांवरून करड्या रंगाचं किट १ (अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम) लगेच दिलं जातं. ते योग्यच आहे, रिपोर्टची वाट पाहत रुग्णाला थांबवायचं नाही. फक्त क्रम पाळा: आधी स्वॅब, मग पहिली गोळी. गोळीनंतर घेतलेल्या स्वॅबमधून काही उगवलं नाही, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

उपचार फसल्याचा संशय असेल तर कल्चर औषधानंतर निदान ३ दिवसांनी घ्या. नॅट त्याहून बऱ्याच उशिरापर्यंत पॉझिटिव्ह राहू शकते, कारण ती मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते. जोडीदारावर उपचार झाले होते का, मध्यंतरी पुन्हा संबंध आला का, हे शांतपणे विचारा आणि फॉर्मवर लिहा. प्रतिरोध वाटणाऱ्या कित्येक केसेस पुन्हा झालेल्या संसर्गाच्या असतात.

१ : स्वॅब घेणं

*तयारी.* डेक्रॉन किंवा रेयॉनचा, प्लास्टिक वा धातूच्या काडीचा स्वॅब वापरा. साध्या कापसाचा आणि लाकडी काडीचा नको, दोन्हींतले घटक गोनोकोकसला विषारी ठरतात. कोळसा असलेलं एमीज ट्रान्सपोर्ट माध्यम जवळ ठेवा. लॅब त्याच इमारतीत असेल तर थेट प्लेटच पलंगाशेजारी आणा. त्याहून चांगला मार्ग नाही.

१. पुरुषाने निदान १ तास, शक्यतो २ तास लघवी केलेली नसावी. पू बाहेर दिसत असेल तर तो घ्या. नसेल तर बारीक स्वॅब मूत्रमार्गात २ ते ३ सेंटिमीटर आत घाला, हळू फिरवा आणि काढा.

२. स्त्रीमध्ये स्पेक्युलम कोमट पाण्याने ओलं करा, जेली लावू नका. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव आधी एका स्वॅबने पुसून तो टाकून द्या. दुसरा स्वॅब मुखाच्या आत सुमारे २ सेंटिमीटर घालून ५ ते १० सेकंद फिरवा. योनीच्या भिंतीवरचा स्वॅब कल्चरसाठी कमी उपयोगाचा.

३. घशासाठी दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत जोर देऊन पुसा. गुदाशयात स्वॅब ३ सेंटिमीटरपर्यंत घालून भिंतीला टेकवून फिरवा. विष्ठा लागली तर दुसरा घ्या.

४. जंतुनाशकाने जागा पुसू नका. सवयीने होणारी ही चूक आहे आणि तिच्यामुळे कल्चर निर्जंतुक येतं.

*ग्रॅम स्मिअर.* प्लेट लावून झाल्यावर त्याच स्वॅबची, किंवा दुसऱ्या स्वॅबची, काचपट्टी करा. पुरुषाच्या मूत्रमार्गातल्या पुवात पेशींच्या आत ग्रॅम-निगेटिव्ह जोडगोळ्या दिसल्या तर निदान जवळजवळ पक्कं. गर्भाशयमुख आणि घसा यांच्या स्मिअरवर मात्र विसंबू नका. तिथे इतर नायसेरिया (गोनोकोकसचे भाऊबंद जंतू) राहतातच.

२ : लॅबपर्यंतचा प्रवास

नमुने गोळा करणारा मुलगा सगळ्या ट्यूब बर्फाच्या डब्यात टाकतो. रक्तासाठी ते बरोबर आहे, परम्याच्या स्वॅबसाठी घातक. फ्रीज नको, बर्फ नको. एमीजमधला स्वॅब साध्या खोलीच्या तापमानाला, २० ते २५ अंश सेल्सिअसला, पाठवा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात ‘खोलीचं तापमान’ चाळिशीला टेकतं, म्हणून डबा इन्सुलेटेड असू द्या आणि गाडीत उन्हात ठेवू नका.

वेळ जितका कमी तितकं बरं. ६ तासांत प्लेटवर गेला तर छान. २४ तासांनंतर जंतू मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते. तेवढा वेळ लागणारच असेल तर जवळच्या लॅबमध्ये प्लेट लावून, उगवलेलं कल्चर पुढे पाठवा.

✔ तपासणी: ट्यूबवर नाव किंवा कोड, जागा (मूत्रमार्ग, गर्भाशयमुख, घसा, गुदाशय), घेतल्याची तारीख आणि वेळ, अँटिबायोटिक सुरू आहे का. घशाचा नमुना ‘स्वॅब’ एवढंच लिहून आला तर लॅब चुकीच्या दिशेने जाते.

३ : वाढवणं आणि ओळख पटवणं

दोन प्लेट लागतात. एक मॉडिफाइड थेयर-मार्टिन, जिच्यात व्हँकोमायसिन, कोलिस्टिन, निस्टॅटिन आणि ट्रायमेथोप्रिम असतं. दुसरी बिनऔषधाची चॉकलेट प्लेट. पैसे वाचवायला दुसरी गाळली जाते, पण काही गोनोकोकस व्हँकोमायसिनलाच मरतात आणि ते फक्त चॉकलेट प्लेटवर दिसतात.

चॉकलेट प्लेटसाठी मेंढीचं रक्त वापरा आणि ७५ ते ८० अंशांना तपकिरी होईपर्यंत तापवा. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं मानवी रक्त वापरू नका: त्यात सायट्रेट असतं, प्रतिपिंडं असू शकतात, दात्याने घेतलेलं अँटिबायोटिक असू शकतं, शिवाय हाताळणाऱ्याला धोका.

१. प्लेट आधी खोलीच्या तापमानाला आणा. फ्रीजमधून काढलेल्या थंड प्लेटवर स्वॅब फिरवू नका.

२. स्वॅब प्लेटवर गोल फिरवत झेडच्या आकारात लावा, मग लूपने पसरवा.

३. लगेच, म्हणजे १५ मिनिटांच्या आत, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, ३५ ते ३६.५ अंशांना, ओलाव्यासह ठेवा. ३७ च्या वर जाऊ देऊ नका. इनक्युबेटरवरचा आकडा खरा आहे असं गृहीत धरू नका, आत थर्मामीटर ठेवा.

कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर नसेल तर मेणबत्तीची बरणी चालते: रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी, तळाशी ओला कापूस, एक पांढरी साधी मेणबत्ती. ती आपोआप विझते तेव्हा आत सुमारे ३ टक्के कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. सुगंधी किंवा रंगीत मेणबत्ती नको, तिचा धूर जंतूला मारू शकतो. बरणी उघडली की दरवेळी मेणबत्ती पुन्हा पेटवावी लागते, हे विसरलं जातं.

प्लेट २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहा. त्याआधी ‘वाढ नाही’ लिहू नका. कॉलनी लहान, राखाडी-पांढरट, चकचकीत आणि अर्धपारदर्शक, १ मिलिमीटरच्या आसपास. ऑक्सिडेज १० सेकंदांत गडद जांभळी झाली, ग्रॅम-निगेटिव्ह जोडगोळ्या दिसल्या, की साखरेच्या चाचण्या करा: गोनोकोकस फक्त ग्लुकोजपासून आम्ल करतो. माल्टोजही पॉझिटिव्ह असेल तर मेनिन्जोकोकसचा किंवा दुसऱ्या एखाद्या नायसेरियाचा विचार करा.

⚠ घशातल्या निरुपद्रवी नायसेरियांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये) मुळातच जास्त असू शकतं. त्यांना गोनोकोकस समजून ‘प्रतिरोधी परमा’ असा रिपोर्ट जाणं ही टाळता येण्याजोगी चूक आहे. ओळख पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४ : सेन्सिटिव्हिटीची प्लेट

अनेक लॅबचं गणित इथेच बिघडतं. चॉकलेट प्लेट हाताशी असते, तिच्यावर जंतू छान उगवतो, म्हणून तिच्यावरच डिस्क ठेवतात. पण सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या तक्त्यातले झोन चॉकलेट प्लेटवर मोजलेले नाहीत. ते जीसी अगार बेस अधिक १ टक्का ग्रोथ सप्लिमेंट या माध्यमावरचे आहेत, रक्त किंवा हिमोग्लोबिन न घालता.

दुसरी चूक पावडर मोजताना होते. जीसी बेसच्या काही डब्यांवर चॉकलेट अगारसाठी दुप्पट ताकदीचं प्रमाण छापलेलं असतं (१०० मिलिलिटरला ७.२ ग्रॅम), कारण त्यात तेवढंच हिमोग्लोबिनचं द्रावण मिसळायचं असतं. इथे ते मिसळायचं नसतं, म्हणून १ लिटरला ३६ ग्रॅम घ्या. दुप्पट घट्ट अगारात औषध हळू पसरतं, झोन लहान येतात आणि सगळेच जंतू प्रतिरोधी भासतात.

१. बेस विरघळवा, १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, ४५ ते ५० अंशांपर्यंत थंड होऊ द्या. मगच सप्लिमेंट घाला: १ लिटरला १० मिलिलिटर. गरम असताना घातलं तर त्यातली जीवनसत्त्वं वाया जातात.

२. पीएच ७.२ ते ७.४.

३. ९० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये २५ मिलिलिटर ओता. जाडी ४ मिलिमीटर येते. पातळ प्लेट झोन मोठे दाखवते, जाड प्लेट लहान. टेबल सपाट आहे का हे लेव्हल ठेवून बघा.

४. वापरण्याआधी पृष्ठभागावरचं पाणी सुकवा.

५ : जंतूचं द्रावण

१. २० ते २४ तासांची, शुद्ध, चॉकलेट प्लेटवरची वाढ घ्या. थेयर-मार्टिनवरून थेट घेऊ नका. तिथे दबलेले दुसरे जंतू कॉलनीखाली दडलेले असतात आणि सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर डोकं वर काढतात. ४८ तासांची वाढही नको. गोनोकोकस स्वतःच फुटतो. जुन्या कॉलनीत अर्धे जंतू मेलेले असतात, द्रावण गढूळ दिसतं पण जिवंत जंतू थोडे, मग वाढ विरळ आणि झोन खोटे मोठे.

२. म्युलर-हिंटन ब्रॉथ किंवा पीएच ७ चं फॉस्फेट बफर सलाइन घ्या. कॉलनी नळीच्या भिंतीवर चोळून हळूहळू मिसळा, कारण त्या चिकट असतात आणि गुठळ्या राहतात. मग व्हॉर्टेक्स.

३. गढूळपणा ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं प्रमाणित माप). ठरावीक नळीशी पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेषा समोर धरून जुळवा. डेन्सिटोमीटर असेल तर उत्तम.

४. १५ मिनिटांत वापरा. चहा घेऊन आल्यावर तेच द्रावण वापरलं तर घनता बदललेली असते.

५. स्वॅब बुडवा, भिंतीवर दाबून जादा पाणी काढा, प्लेटवर तीन दिशांनी, दरवेळी ६० अंश फिरवून पसरवा, शेवटी कडेने एक फेरी. ३ ते ५ मिनिटं सुकू द्या.

६ : डिस्क आणि स्ट्रिप

डिस्कचा साठा उणे २० अंशांना, वापरातली बाटली ओलावा शोषणाऱ्या पुडीसह २ ते ८ अंशांना ठेवा. बाटली उघडण्याआधी तासभर बाहेर ठेवा, नाहीतर थंड डिस्कवर दव धरतं आणि सेफॅलोस्पोरिन खराब होतं.

एका प्लेटवर किती डिस्क? ९० मिलिमीटरच्या प्लेटवर दोन. संवेदनक्षम गोनोकोकसचा सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा झोन ५० मिलिमीटर ओलांडतो. चार डिस्क ठेवल्या तर झोन एकमेकांत मिसळतात आणि मोजायला काही उरत नाही. डिस्क एकदा टेकली की हलवू नका.

कोणत्या ठेवायच्या: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ३० मायक्रोग्रॅम, सेफिक्झिम ५, अ‍ॅझिथ्रोमायसिन १५, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५, आणि देखरेखीसाठी टेट्रासायक्लिन ३० आणि पेनिसिलिन १० युनिट. लघवीच्या पॅनेलमधल्या अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइनच्या डिस्क इथे आणू नका; त्यांचे निकष या जंतूसाठी नाहीत. जेंटामायसिनसाठीही सीएलएसआयचा निकष नाही, म्हणून त्यापुढे ‘संवेदनक्षम’ लिहू नका.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी आम्ही डिस्कपेक्षा एमआयसीची ग्रेडिअंट स्ट्रिप (औषधाचं प्रमाण क्रमाने वाढत जाणारी, आकडे छापलेली पट्टी) सुचवतो. महाग आहे, पण हळूहळू वर सरकणारं एमआयसी डिस्कवर लपतं. स्ट्रिपची आकड्यांची बाजू वर, खाली हवेचा बुडबुडा राहू नये, एका लहान प्लेटवर एक किंवा दोन.

दर चाचणीसोबत एटीसीसी ४९२२६ ही कंट्रोल स्ट्रेन (जिचे आकडे आधीच माहीत आहेत असा जंतू), त्याच दिवशीच्या, त्याच बॅचच्या प्लेटवर. परम्याचे नमुने रोज येत नाहीत, त्यामुळे ‘गेल्या महिन्यात कंट्रोल बरोबर आली होती’ याला अर्थ नाही.

मग ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३५ ते ३७ अंश, २० ते २४ तास. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सांभाळा: ते वाढलं की पृष्ठभाग आम्लधर्मी होतो आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचा जोर उतरतो.

७ : वाचन

आधी कंट्रोल वाचा. तिचे झोन या मर्यादांत हवेत:

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ३९–५१ मिलिमीटर
सेफिक्झिम ३७–४५
अ‍ॅझिथ्रोमायसिन ३०–३८
सिप्रोफ्लॉक्सॅसिन ४८–५८
टेट्रासायक्लिन ३०–४२
पेनिसिलिन २६–३४

स्ट्रिप वापरली असेल तर कंट्रोलचं एमआयसी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला ०.००४–०.०१५, अ‍ॅझिथ्रोमायसिनला ०.२५–१. एकही आकडा बाहेर गेला तर त्या औषधाचा रुग्णाचा निकाल त्या दिवशी देऊ नका. सगळे झोन लहान असतील तर दाट द्रावण, जाड किंवा घट्ट अगार. सगळे मोठे असतील तर विरळ द्रावण, पातळ प्लेट. एकच बिघडला असेल तर ती डिस्क.

मग रुग्णाची प्लेट. मागच्या बाजूने, काळ्या पृष्ठभागावर धरून, स्लाइड कॅलिपरने मोजा. सीएलएसआयचे निकष:

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन: ३५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे संवेदनक्षम (एमआयसी ०.२५ किंवा कमी)
सेफिक्झिम: ३१ किंवा जास्त (०.२५ किंवा कमी)
अ‍ॅझिथ्रोमायसिन: ३० किंवा जास्त (१ किंवा कमी)
सिप्रोफ्लॉक्सॅसिन: ४१ किंवा जास्त संवेदनक्षम, २८–४० मधला, २७ किंवा कमी प्रतिरोधी
टेट्रासायक्लिन: ३८ किंवा जास्त, ३१–३७, ३० किंवा कमी

तक्ता दरवर्षी नवा येतो. भिंतीवर चिकटवलेला जुना कागद काढून चालू वर्षाचा लावा. युरोपातल्या युकास्ट या निकष ठरवणाऱ्या समितीचा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा निकष अधिक कडक आहे (०.१२५ पर्यंत संवेदनक्षम) आणि गोनोकोकससाठी ते डिस्कचे झोन देतच नाहीत. एका रिपोर्टमध्ये दोन्हींची सरमिसळ नको.

पेनिसिलिनचा झोन १९ किंवा कमी असेल तर जंतू बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) बनवत असण्याची शक्यता मोठी. नायट्रोसेफिन डिस्कवर कॉलनी लावा, पिवळ्याचा लाल झाला की पक्कं. टेट्रासायक्लिनचा झोनही १९ किंवा कमी असेल तर प्रतिरोध बहुधा प्लाझ्मिडवरचा (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कडीवरचा).

स्ट्रिपवर लंबगोल झोन जिथे पट्टीला छेदतो तिथला आकडा घ्या. दोन खुणांच्या मध्ये आला तर वरचा. झोनच्या आत बारीक कॉलनी दिसल्या तर त्याही वाढच आहेत, त्यांना वगळू नका. आधी शुद्धता मात्र तपासा.

८ : सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा झोन लहान आला तर

घाबरून लगेच ‘प्रतिरोधी’ लिहू नका आणि ‘आपल्याकडे असं नसतंच’ म्हणून सोडूनही देऊ नका. क्योटोमध्ये २००९ मध्ये मिळालेल्या एच०४१ या स्ट्रेनचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एमआयसी २ होतं, आणि जपानमध्ये २०१५ मध्ये सापडलेल्या एफसी४२८ चे वंशज पुढे अनेक देशांत मिळाले आहेत. अशा जंतूचा पत्ता कोणत्या तरी एका लॅबच्या प्लेटवरच पहिल्यांदा लागतो.

क्रम असा: प्लेटवरून ग्रॅम करून शुद्धता पाहा. ओळख नव्याने, शक्य तर माल्डी-टॉफने (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राने) किंवा दुसऱ्या पद्धतीने पटवा. नवी प्लेट, नवं द्रावण, कंट्रोलसह चाचणी पुन्हा करा, या वेळी स्ट्रिपने. पुन्हा तेच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि जंतू रेफरन्स लॅबला पाठवा. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं केंद्र या कामाचं प्रादेशिक रेफरन्स केंद्र आहे. जाणारं कल्चर चॉकलेट स्लँटवर, ताजं, तिथल्या लॅबशी आधी बोलून.

९ : रिपोर्ट आणि साठवण

रिपोर्टवर जंतूचं नाव, नमुन्याची जागा, पद्धत, झोन किंवा एमआयसीचा आकडा, निकषाचं नाव आणि वर्ष लिहा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी सीएलएसआयमध्ये ‘प्रतिरोधी’ असा वर्गच नाही. निकषाबाहेर गेला तर ‘असंवेदनक्षम’ लिहा. भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनला प्रतिरोध इतका सर्रास आहे की संवेदनक्षम आला तर उलट कंट्रोल आणि ओळख पुन्हा पाहावी. रिपोर्ट बंद पाकिटात किंवा थेट डॉक्टरांकडे. काउंटरवर नाव पुकारून ‘परम्याचा रिपोर्ट’ देऊ नका, पुढच्या वेळी तो रुग्ण स्वॅब द्यायला येणार नाही.

प्रत्येक जंतू राखून ठेवा. ताज्या वाढीचा भरगच्च लूप २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये, दोन नळ्यांत, उणे ७० अंशांना किंवा त्याखाली. उणे २० वर हा जंतू फार टिकत नाही. वापरलेल्या प्लेट, स्वॅब आणि द्रावणं आधी ऑटोक्लेव्ह करा, मग पिवळ्या पिशवीत. काम करताना हातमोज्यांबरोबर चष्माही घाला: द्रावणाचा थेंब डोळ्यात उडाला तर डोळ्यालाही याच जंतूचा संसर्ग होतो.